चावीवाले भावोजी

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला मी भावोजी म्हणते. मधली काही वर्षं म्हणत नव्हते, आणि तेव्हा जे म्हणत होते ते लिहिण्यासारखं नाही. त्यांच्या कंपनीत त्यांना चावीवाले म्हणतात. खिशात एकही चावी नसते. पण कंपनीतल्या कुठल्या माणसाने कुठली फाइल उघडायची, कुणाची मेल कुणाला दिसायची आणि कुणाचा कॉम्प्युटर कुणासाठी चालू व्हायचा, ही सगळी कुलपं त्यांच्या हातात, म्हणून चावीवाले. कागदावरचा हुद्दा भलताच लांब आहे. ताईने तो पाठ केला होता आणि कुणी विचारलं की एका दमात म्हणून दाखवायची.

कंपनी झाकणं बनवते. बाटल्यांची, बरण्यांची, औषधांच्या डब्यांची. माझा नवरा तिथेच झाकणांचे साचे आखायचा. म्हणजे दोघं साडू एकाच छताखाली. त्याला ती नोकरी भावोजींनीच सुचवली होती, हे मी विसरलेले नाही. विसरता आलं असतं तर राग धरणं जरा सोपं गेलं असतं.

भावोजी तिथे आले ते वायरी ओढणाऱ्या ठेकेदाराचा माणूस म्हणून. ऑफिसात डोक्यावर जे खोटं छत असतं त्याच्या वर एक पोकळी असते. तिच्यात पोटावर सरपटायचं, तोंडात टॉर्च धरायचा आणि वायर या खोलीतून त्या खोलीत न्यायची, हे काम. बाकीची मंडळी वायर टाकली की मोकळी. हे मात्र प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना कापडी पट्टी बांधून त्यावर लिहायचे, कुठून आली आणि कुठे निघाली. तिथल्या कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख होते, त्यांना सगळे थोरले सर म्हणत. त्यांनी एकदा छताची फळी सरकवून वर डोकावून पाहिलं आणि ठेकेदाराला म्हणाले, हा माणूस आम्हाला देऊन टाक. मुलीला मागणी घालतात तशी मागणी घातली, असं भावोजी सांगायचे. त्यांच्या मोजक्या विनोदांतला हा एक, म्हणून आम्ही दर वेळी हसायचो.

पुढची बरीच वर्षं अडकलेले प्रिंटर सोडवण्यात गेली. प्रिंटर अडकला की चावीवाले कुठे आहेत, आणि सुटला की कोण चावीवाले. गरज सरो, वैद्य मरो. दिवसभर हे करून संध्याकाळी क्लासला जायचे, परीक्षा द्यायचे. ताई म्हणायची, माझा संसार पुस्तकाशी झालाय, हे मधे मधे येऊन जातात. एकेक परीक्षा पास होत ते प्रिंटरपासून सर्व्हरच्या खोलीपर्यंत पोचले. ती खोली मी एकदा पाहिली आहे. खिडकी नाही, कपाटांएवढी मशिनं, त्यांचा एकसारखा घोंघावणारा आवाज आणि हाडं गारठवणारा एसी. मशिनं तापू नयेत म्हणून माणसाने कुडकुडायचं. त्यामुळे भावोजींच्या अंगात बारा महिने स्वेटर. माझ्या लग्नाच्या फोटोत ऐन उकाड्यात स्वेटर घातलेला एकच माणूस आहे.

कामाच्या सवयी त्यांनी घरीही आणल्या. कुणी पासवर्ड टाकायला लागलं की ते तोंड भिंतीकडे फिरवून उभे राहायचे. ऑफिसात ठीक आहे. पण आमची आई मोबाइल उघडायला चार आकडे दाबायची तेव्हाही हे वळायचे. ताई कपाटाला कुलूप लावायला गेली तरी वळायचे. माझा नवरा चिडवायचा, "साडूभाऊ, झाकणांच्या कंपनीला तुमच्यासारखं झाकण मिळालं नाही दुसरं." ते हसायचे आणि भिंतीकडेच बघत राहायचे. शुक्रवारी कुठल्याही मशिनला हात लावायचा नाही, हा आणखी एक नियम. शुक्रवारी काही बिघडवलं तर शनिवार-रविवार निस्तरण्यात जातो म्हणे. घरातला बल्ब शुक्रवारी गेला की सोमवारपर्यंत अंधार.

पण सगळ्यात पक्के नियम दोन, आणि ते दोन्ही थोरल्या सरांच्या हालांवरून शिकलेले. ती गोष्ट सांगितल्याशिवाय भावोजी कळायचे नाहीत.

कंपनीत एखाद्याला काढायचं ठरलं की ते त्याच्या आधी चावीवाल्याला कळतं. कारण त्याला साहेब खोलीत बोलावून सांगत असतात त्याच वेळी इकडे त्याचं खातं बंद व्हायला हवं. नाहीतर माणूस रागाच्या भरात जागेवर येऊन काय करील सांगता येत नाही. थोरल्या सरांकडे एकदा त्यांच्या मित्राचं नाव आलं. त्यांना राहवलं नाही, त्यांनी मित्राला आदल्या दिवशी सांगून टाकलं. मित्राने त्याच संध्याकाळी साच्यांची सगळी ड्रॉइंग पुसून टाकली. काही हरकत नाही, बॅकअप आहे, असं थोरले सर म्हणाले. बॅकअप, म्हणजे सगळ्याची जादा नक्कल, रोज चुंबकीय पट्ट्यांवर घेतला जात होता, त्या पट्ट्या कपाटात ओळीने लावलेल्या होत्या. परत आणायला गेले तर पट्ट्या कोऱ्या. कुणी कधी लावून बघितल्याच नव्हत्या. कारखाना कित्येक आठवडे अडला. मित्र तर गेलाच, थोरले सरही गेले, आणि त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही असा सगळीकडे बोभाटा झाला. चाव्या सांभाळणाऱ्या माणसाचा असा बोभाटा झाला की त्याला कुणी दारात उभं करत नाही.

पुढे थोरले सर बस थांब्याजवळ मोबाइलची कव्हरं विकायला बसायचे. भावोजी तिथून जाताना दर वेळी एक कव्हर घ्यायचे. ताईच्या घरी एक खण भरून कव्हरं आहेत, त्यांतलं एकही त्यांच्या फोनला बसत नाही.

तेव्हा नियम असे. बॅकअप घेतला म्हणजे काम झालं नाही, तो परत आणून बघायचा. आणि नाव कळलं तरी तोंड उघडायचं नाही.

पहिल्या नियमाने त्यांचं नाव व्हायला हवं होतं, पण ते झालं नाही. माझं शिवणकाम आहे. उसवलं तर शिव्या मिळतात, अंगावर बसलं तर कौतुक होतं, दोन्ही मला तोंडावर ऐकायला मिळतं. भावोजींच्या कामात सगळं नीट चाललं तर कुणाला काही दिसतच नाही. एका वर्षी कुठल्याशा व्हायरसने कारखान्यांच्या सगळ्या वसाहतीचे कॉम्प्युटर बंद पाडले. शेजारची खोक्यांची कंपनी हाताने बिलं लिहीत बसली. झाकणांची कंपनी दुसऱ्या दिवशी चालू. भावोजी त्याआधी कितीतरी महिने एका जुन्या मशिनवर रोजचा बॅकअप लावून तपासत बसले होते, त्याचं ते फळ. मोठ्या साहेबांनी मीटिंगमध्ये सांगितलं, आपलं नशीब चांगलं, आपल्याकडे काही झालंच नाही. हे भावोजींनी आम्हाला जेवताना सांगितलं. "नशीब म्हणे," एवढंच बोलले आणि भात कालवत राहिले.

दुसऱ्या नियमाने मात्र त्यांचं भलं झालं. वरच्या लोकांना कळलं की हा माणूस मूग गिळून बसतो. तीळ काय, त्यांच्या तोंडात धोंडा घातला तरी भिजला असता. मोठ्या लोकांना असा माणूस फार आवडतो.

आता मुख्य गोष्ट सांगते.

दर रविवारी दुपारी आम्ही ताईकडे जेवायला जायचो, कारण आई तिच्याकडे. स्वयंपाकघरातलं गोल टेबल, त्याला एका बाजूला टेकू लावलेला, आणि पाच खुर्च्या, पाचवी इस्त्रीच्या कपड्यांखालून काढलेली. त्या रविवारी माझा नवरा खुशीत होता. दुसऱ्या एका कंपनीने त्याला बोलावलं होतं. पगार थोडा जास्त, घरापासून लांब, पण काम साच्यांचंच. संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. तो दोन्हीकडून विचार करून थकला होता, आणि त्याने जेवता जेवता भावोजींना सरळ विचारलं.

"साडूभाऊ, तुम्हाला आतलं सगळं माहीत असतं. मी जाऊ की राहू?"

भावोजी जेवणावरून कधी उठत नाहीत. मीठ हवं असलं तरी ताईकडे बघतात. त्या दिवशी ते उठले, ओट्यावरून पाण्याचा जग आणला आणि सगळ्यांच्या पेल्यांत पाणी ओतायला लागले. आईच्या, माझ्या, ताईच्या, नवऱ्याच्या. नवऱ्याचा पेला भरलेलाच होता, त्यातही ओतलं, पाणी टेबलावर आलं.

"तुझं तू बघ बाबा," ते म्हणाले. "मी काय सांगणार."

घरी येताना स्कूटरवर नवरा मला म्हणाला, "काही वेडंवाकडं असतं तर साडूभाऊ बोलले असते. गप्प बसले म्हणजे काळजीचं कारण नाही." त्याने त्या दुसऱ्या कंपनीला नाही म्हणून कळवून टाकलं.

सोमवारी सकाळी तो जागेवर बसला, पासवर्ड टाकला, चालेना. परत टाकला. बोट चुकलं असेल म्हणून एकेक अक्षर बघून टाकला. माणसाला आधी बोलावून घेतात, पण त्या दिवशी साहेब वाटेत गर्दीत अडकले होते आणि कुलूप ठरल्या वेळी पडलं. त्यामुळे काय झालंय ते त्याला कोण सांगणार? अशा वेळी कुणालाही सुचेल तेच त्याने केलं. भावोजींना फोन लावला.

"साडूभाऊ, माझं लॉगिन होत नाहीये हो. जरा बघा ना."

पलीकडे ते मशिनांचं घोंघावणं ऐकू येत होतं, असं तो सांगतो. मग भावोजी म्हणाले, "बघतो."

बघतो म्हणाले! ज्याने थोड्या वेळापूर्वी स्वतःच्या हाताने कुलूप घातलं, तो बघतो म्हणाला. माझा नवरा चहाच्या वेळेपर्यंत त्या बंद स्क्रीनसमोर वाट बघत बसला. शेजारच्याला म्हणालाही, आमचे साडू आहेत तिथे, होईल आता. त्यानंतर त्याला आत बोलावलं.

मी त्याच संध्याकाळी ताईच्या घरी गेले आणि घर डोक्यावर घेतलं. शेजारी दाराबाहेर आले. नोकरी गेली ती कंपनीने घालवली, ते मला कळत होतं. पण हातातली दुसरी तुमच्यामुळे गेली, हे मी दहादा म्हणाले. एक शब्द पुरला असता, शब्दही नको, नुसती मान हलवली असती तरी त्याने ओळखलं असतं. आणि भावोजी काय करत होते? भिंतीकडे तोंड करून उभे होते, मी पासवर्ड टाकत असल्यासारखे. ताई मधे पडली तर तिलाही बोलले. घर फिरलं की वासे फिरतात हे ऐकलं होतं, इथे घर जाग्यावर होतं आणि वासा फिरला होता, असं काहीबाही बोलले.

त्या दुसऱ्या कंपनीने दुसरा माणूस घेतला होता. साचे आखणाऱ्याला अशी किती ठिकाणं असतात? काही महिने घरी बसून शेवटी नवरा एका गोदामात लागला. आलेली खोकी मोजून घ्यायची, गेलेली मोजून सोडायची. सुरुवातीला तो घरी आला की बरणीचं झाकण हातात घेऊन उगीच फिरवत बसायचा, आटे कसे पाडलेत ते बोटाने चाचपायचा. पुढे तेही बंद झालं.

त्याच वर्षी भावोजी विभागाचे प्रमुख झाले. थोरल्या सरांची जागा आणि काचेची केबिन मिळाली. मी आईच्या देखत म्हणाले, चढा वर, पायरी आमच्या घरची आहे. आईला कमी ऐकू येतं, ती म्हणाली, हो ना, देवाची कृपा.

आई ताईकडे असल्यामुळे रविवार सोडता आला नाही. काही महिने मी एकटी जायचे, मग नवराही यायला लागला. त्याने हा विषय कधीच काढला नाही. दोघं साडू समोरासमोर बसून हवापाण्याबद्दल बोलायचे, पाऊस पडला, ऊन वाढलं, परत पाऊस पडला. चिडवणं संपलं. मी मात्र टोमणा मारल्याशिवाय परत यायचे नाही, ती माझी जबाबदारी मी नेमाने पार पाडली.

प्रमुख झाल्यावर भावोजींनी एक नवी व्यवस्था बसवली. काढायच्या माणसाचं नाव आणि वेळ मनुष्यबळ विभागाने कॉम्प्युटरवर टाकायची. ते आपोआप प्रमुखाला कळायचं, आणि ठरल्या वेळी खातं आपोआप बंद व्हायचं. कुणी बटण दाबायला नको. वरच्यांनी ह्या सोयीचं कौतुक केलं, दुसऱ्या शाखांनीही ती उचलली. ताईने मला हे अभिमानाने सांगितलं तेव्हा मी म्हणाले, बरं झालं, आता हात स्वच्छ राहतील. ताई म्हणाली, "त्या दिवसानंतर त्यांच्याकडून हाताने होतच नव्हतं गं. बोट ठेवून बसून राहायचे." मला ते ऐकायचं नव्हतं, म्हणून मी आईच्या औषधांचा विषय काढला.

अशी कित्येक वर्षं गेली. आई थकली. तिला उठवायला, बसवायला, न्हाऊ घालायला दिवसभर माणूस लागायला लागलं. ताई एका वाहतूक कंपनीत हिशेबाला होती, चांगली मुरलेली. तिने नोकरी सोडायचं ठरवलं. एका रविवारी, हिवाळ्यात, टेबलावर तिने ते जाहीर केलं. राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला होता, उद्या सकाळी द्यायचा.

"ह्यांचा पगार आहे की," ती म्हणाली. "दोघांना आणि आईला पुरून उरेल. तिथे माझ्या जागेवर बसायला दहाजण टपलेत, एकदा सोडली की परत कोण घेतंय म्हणा. पण आता काय करायचीय? हो की नाही हो?"

भावोजी उठले. ओट्यावरून जग आणला आणि पाणी ओतायला लागले. आईच्या पेल्यात, ताईच्या पेल्यात. माझा भरलेला होता, तरी त्यात धार धरली.

मी नुसती बघत राहिले. पण माझ्या नवऱ्याने घास ताटात ठेवला. भावोजी त्याच्यापर्यंत आले तेव्हा त्याने आपल्या पेल्यावर पालथा पंजा ठेवला.

"पाणी नको," तो म्हणाला. "साडूभाऊ, उद्या कुणाचं बंद होतंय?"

जग हवेतच राहिला. ताई हसत होती, ती हसायची थांबली.

"माझं," भावोजी म्हणाले.

मग ते खाली बसले, जग मांडीवर घेऊन, आणि सांगायला लागले. कंपनी एका मोठ्या कंपनीने विकत घेतली होती. सगळी मशिनं आता त्यांच्या मुख्य ऑफिसातून, दूर कुठूनतरी चालणार होती, इथे चावीवाला लागणार नव्हता. मनुष्यबळ विभागातल्या नव्या मुलीने नियमाप्रमाणे नाव आणि वेळ टाकली, सोमवार, सकाळी नऊ. आणि नाव नियमाप्रमाणे विभागप्रमुखाकडे गेलं. विभागप्रमुख म्हणजे हेच. तिच्या लक्षातच आलं नाही. ती व्यवस्था बसवणाऱ्याच्या तरी कुठे लक्षात आलं होतं!

"कधी कळलं तुम्हाला?" ताईने विचारलं.

"गुरुवारी."

"गुरुवारपासून तुम्ही... मी राजीनामा लिहीत होते तेव्हा तुम्ही समोर बसला होतात. मला पेन दिलंत तुम्ही!"

भावोजींनी मान खाली घातली. "ज्याचं नाव आलंय त्याला आधी कळता कामा नये," ते हळूच म्हणाले. "तसा नियम आहे. आता नाव माझंच होतं. मग मला कळलेलंच नाही असं धरून चाललो. तीन दिवस तसाच वागत होतो."

मला कीव यायला हवी होती, पण आधी संतापच आला. मी म्हणाले, "ह्यांनी आत्ता विचारलं नसतं तर? ताईला उद्या जाऊ दिलं असतंत?"

त्यांनी मांडीवरचा जग दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाले, "गुरुवारपासून रोज तोंड उघडत होतो. शब्द येईना. सवयच राहिली नाही."

आईने विचारलं, "काय झालं? कुणी काही बोलत का नाही?" ताईने तिच्या ताटात भाजी वाढली. मग पर्समधलं राजीनाम्याचं पाकीट काढून ती भावोजींसमोर धरून म्हणाली, "मी हे उद्या देऊ की नको? तुझं तू बघ म्हणालात तर बघा."

"देऊ नकोस," भावोजी म्हणाले.

माझा नवरा इतका वेळ टेबलावर सांडलेल्या पाण्यात बोट फिरवत होता. "ते आपोआप बंद होणारं तुम्हीच लिहिलंय ना?" त्याने विचारलं. "थांबवता येत नाही?"

"येतं की. एका मिनिटात."

"मग?"

"मग काय. चाव्या माझ्या थोड्याच आहेत. ठेवायला दिल्या होत्या." मग नवऱ्याकडे बघून ते म्हणाले, "तुला तेव्हा सांगायला हवं होतं रे. थोरले सर डोळ्यांसमोर यायचे. ते कव्हरांचं खोकं मांडून बसलेले दिसायचे. भीती वाटली."

नवऱ्याने पेल्यावरचा पंजा उचलला आणि रिकामा पेला पुढे सरकवला. भावोजींनी त्यात पाणी ओतलं, या वेळी न सांडता.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याची दुपारपाळी होती, सकाळी तो घरीच होता. आम्ही आदल्या दिवसाबद्दल अवाक्षर बोललो नव्हतो. तो न्हाणीघरात कपडे पिळत होता, मी शिलाई मशिनवर एका गिऱ्हाइकाच्या कोटाचं अस्तर लावत होते. नऊ वाजून गेले असतील. त्याचा फोन माझ्या मशिनशेजारी पडला होता, तो वाजला. त्याचे हात ओले होते म्हणून मी स्पीकर लावून समोर धरला.

पलीकडून सर्व्हरच्या मशिनांचं घोंघावणं ऐकू आलं. मग भावोजींचा आवाज. ते हसायचा प्रयत्न करत होते, पण आवाज कापत होता. सर्व्हरच्या खोलीतली थंडी असेल.

"अरे, माझं लॉगिन होत नाहीये रे."

नवरा ओल्या हातांनी उभा होता, कोपरावरून पाणी फरशीवर पडत होतं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. बघतो, एवढंच म्हणायचं होतं. तो एक शब्द मी इतकी वर्षं त्याच्या वतीने घोटून ठेवला होता, रविवारी ताईकडून परत येताना, रात्री कूस बदलताना, त्याच्या गोदामाच्या शर्टाची बटणं लावताना. म्हण आता, असं मला वाटत होतं. खोटं कशाला सांगू?

"आत थांबू नका त्या गारठ्यात," तो म्हणाला. "गेटपाशी या साडूभाऊ. मी येतोय."

हात शर्टालाच पुसले, बूट घालताना एक मोजा सापडेना तर तसेच घातले, आणि गेला. खाली स्कूटर एकदा फुरफुरून बंद पडली, मग सुरू झाली. फोन अजून माझ्या हातात चालू होता. पलीकडे घोंघावणं चाललं होतं आणि त्यात कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला.

"भावोजी," मी म्हणाले, "निघालाय तो. स्वेटर घातलाय ना?"

"हो," ते म्हणाले.

मग मला रडू यायला लागलं, आणि त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून मी फोन भिंतीकडे फिरवून धरला.